तुम्ही विचारलंत म्हणून: ही झाडं निळी कशी?

आमच्या घरी पहिल्यांदा आलेलं माणूस चहाचा कप हातात घेऊन बैठकीतल्या भिंतीपाशी जातं आणि हेच विचारतं. तिथे ओब्यूसों या फ्रेंच गावात विणलेल्या एका मोठ्या भिंतपटाचा, म्हणजे भिंतीवर टांगायच्या लोकरी विणीच्या चित्राचा, दीड मीटर रुंदीचा तुकडा टांगला आहे. दाट रान, पाण्याकाठी करकोच्यासारखा एक पक्षी, लांबवर वाडा. आणि सगळं रान निळं. एका मैत्रिणीच्या मुलानं तर विचारलं होतं, "मावशी, इथे फ्रान्समध्ये खरंच अशी झाडं असतात?"

नसतात. ती हिरवीच विणली होती. अशा रानाच्या पटांना फ्रेंचमध्ये 'वेर्द्यूर' म्हणतात, म्हणजेच हिरवाई.

मला हे कळलं ते आईमुळे. आम्ही क्लेरमों-फेराँला राहतो, इथून ओब्यूसों गाडीनं फार लांब नाही. जुन्या बाजारातून हा तुकडा आणला तेव्हा विणकराला निळा रंग प्रिय असावा, असंच मी धरून चालले होते. दोन वर्षांनी आई आली. तिचं माहेर येवल्याचं. तिनं चित्राकडे नीट पाहिलंही नाही. खालचा कोपरा उचलला, अस्तराची उसवलेली कड बाजूला केली आणि मागची बाजू बघितली. पैठणी घेताना पदर उलटून बघतात ना, अगदी तसंच. आणि म्हणाली, "अगं, हे तर हिरवं आहे!"

पोपटी, शेवाळी, कोवळ्या चिंचेच्या पाल्यासारखा, असे पाच-सहा तरी हिरवे होते तिथे. त्या दिवशी आम्ही दोघी जमिनीवर बसून कितीतरी वेळ तो कोपरा बघत होतो.

त्याचं कारण रंगवण्याच्या रीतीत आहे. जुन्या रंगाऱ्यांकडे लोकर पक्की हिरवी करणारं एकच एक झाड नव्हतं. आधी निळीत बुडवायचं, मग 'वेल्ड' नावाच्या रोपाच्या पिवळ्यात. निळा उन्हाला दाद देत नाही, पिवळा देतो. दोन-अडीचशे वर्षं खिडकीसमोर काढली की पिवळा उडून जातो आणि पानं निळी होतात. लाल मात्र बराच टिकतो, कारण तो मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा असतो. आपल्याकडची मंजिष्ठा त्याच कुळातली. काळ्या-तपकिरी रेघांची गत सगळ्यात वाईट. त्या रंगात लोखंडाचा क्षार असतो आणि तो लोकरच खातो. म्हणून जुन्या पटात झाडाची सावली आधी झडते, झाड मागे राहतं.

आईला मागची बाजू बघावीशी वाटली, यात नवल नव्हतं. पैठणीचा पदर आणि हा भिंतपट, दोन्हीची वीण मुळात एकच. बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते, ती आपल्यापुरत्या जागेत जाते आणि मागे वळते. मोराचा निळा मोरातच राहतो. यंत्रावरच्या नकलेत सगळे रंग मागून पट्ट्यापट्ट्यांनी धावताना दिसतात, म्हणून खोटं ओळखायचं तरी मागूनच. ओब्यूसोंचा विणकर तर काम करतो तेच उलट्या बाजूनं. माग आडवा, चित्राचा कागद ताण्याखाली, आणि सुलटी बाजू पूर्ण दिसते ती पट मागावरून उतरल्यावरच. शिवाय चित्र आडवं विणतात, मग पट फिरवून टांगतात. त्यामुळे ताण्याच्या बारीक कडा भिंतीवर आडव्या दिसतात. हात न लावता तपासता येते अशी ही खूण आहे.

ओब्यूसोंला 1665 मध्ये राजमान्यता मिळाली. 1685 मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं गेलं आणि इथले कितीतरी विणकर जर्मनीकडे निघून गेले. तरी माग टिकले. 2009 मध्ये युनेस्कोनं या कलेची नोंद घेतली आणि आजही तिथे विणकाम चालतं.

सुलट्या बाजूचं दुःख मला खरं कळलं ते फ्रान्समधल्याच आंजे शहरात. तिथे चौदाव्या शतकातला 'अपोकॅलिप्स'चा, म्हणजे बायबलमधल्या जगाच्या अंताच्या कथेचा, पट आहे, आज सुमारे 100 मीटर उरलेला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याचे तुकडे झाले, संत्र्याची झाडं थंडीत झाकायला वापरले गेले, तबेल्यातही गेले. एकोणिसाव्या शतकात ते गोळा करून पुन्हा जोडले. त्याची मागची बाजू पुढच्याइतकीच नेटकी आहे, एकही धागा लोंबत नाही. ती अस्तराखाली राहिली, म्हणून तिच्यावरचे हिरवे आणि लाल अजून ताजे आहेत. त्या अंधाऱ्या दालनात मी पुढची फिकट चित्रं बघत होते आणि डोळ्यांसमोर मागचेच रंग येत होते.

क्रांतीच्याच काळात, 1797 मध्ये, राजाच्या भांडारातले सोन्याचांदीच्या तारा असलेले पट सरकारनं जाळले. हवी होती फक्त धातू. हे वाचलं आणि जुन्या जरीच्या साड्या वजनावर घेऊन जाळणारे आठवले. आईच्या आजीची पैठणी तशीच गेली. विकली तेव्हा घरात गरज होती, त्यामुळे दोष कुणाला देणार?

आता मी काय घेते, तेही सांगते. अख्खा पट परवडत नाही. मी खुर्च्यांच्या बैठका घेते, काठाचे तुकडे घेते. बैठकांवर बहुधा ला फोंतेन या फ्रेंच कवीच्या प्राणिकथा असतात. त्यानं 1678 च्या भागात आपल्यावर पिल्पाय या भारतीय ज्ञान्याचं ऋण आहे असं लिहिलं आहे. त्या पिल्पायचा माग पंचतंत्रापर्यंत जातो. खुर्चीचं कापड खिळ्यांखाली दुमडलेलं असतं. ती दुमड उलगडली की बोटभर पट्टीत मूळ रंग जसाच्या तसा. अशा पट्ट्यांसाठीच मी जाते, असं म्हटलं तरी चालेल.

उशा मात्र घेत नाही. चांगला सलग पट कापून त्याच्या उशा करून विकणारा एक दुकानदार मला भेटला होता. सलग पट विकायला वेळ लागतो, उशा लवकर जातात, असं त्यानं सांगितलं. मी काही बोलू शकले नाही, रस्त्यावर येऊन रडले. कापाची कड ताजी दिसली तर तुम्हीही घेऊ नका. मागणी थांबली तर कात्री थांबेल.

जपायचं म्हणाल तर पाणी अजिबात लावायचं नाही. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, सगळ्यात मोठी शत्रू, ती अंधारात आणि घड्यांमध्ये वाढते, म्हणून दर दोन महिन्यांनी उलटून बघते. ऊन तर नाहीच.

म्हणून आमच्या बैठकीत दुपारीही पडदे ओढलेले असतात. येताना हात धुऊन या, खालचा कोपरा मी उचलून धरीन.