कर्नाळा: पनवेलहून सुळक्याच्या पायथ्यापर्यंत

नवी मुंबईकरांना खरं जंगल बघायचं तर कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य अगदी जवळ, आणि त्यातच कर्नाळा गडही आहे. पनवेलपासून साधारण १२ किलोमीटर, आणि अभयारण्याचं फाटक थेट मुंबई-गोवा महामार्गावर. पनवेल स्थानकातून पेणकडे जाणारी साधी एसटी धरा. जलद गाडी इथे थांबेलच असं नाही, म्हणून चढण्याआधी कंडक्टरला विचारून घ्या.

फाटकावर तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, बाटल्या परत दाखवल्या की पैसे परत मिळतात. स्टीलची बाटली नेली तर ही कटकटच नाही. पाणी मात्र माणशी दोन ते तीन लिटर हवंच. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं ओढून नेतात. सगळं सॅकमध्ये टाका.

गडाची वाट दाट झाडीतून चढते. वर जायला रमतगमत दोन तास धरा. सावलीमुळे ऊन लागत नाही, पण हवा कोंडलेली असते आणि घामाने जीव नको होतो. पावसाळ्यात मुळं आणि शेवाळलेले दगड घसरतात, उरलेल्या दिवसांत सुटा मुरूम. घसरणारे बहुतेक जण उतरतानाच घसरतात, तेव्हा झिजलेल्या तळव्याचे बूट घरीच ठेवा. कर्णाई देवीच्या देवळापाशी दम खा, पुढे कातळातल्या पायऱ्या आणि दरवाजा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माथ्यावरच्या अंगठ्यासारख्या सुळक्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, आरडाओरडा आणि अत्तराचा उग्र वास, या तिन्हींनी माशा उठतात. टाक्यांपाशी हळू बोला, चूल किंवा सिगारेट पेटवू नका. माशा उठल्याच तर हात झाडू नका. ओढणीने किंवा टॉवेलने तोंड-डोकं झाका आणि आल्या वाटेने झाडीत उतरा. डंख झालेल्या जागी माशीचा काटा विषाच्या पिशवीसकट अडकून राहतो आणि विष सोडत राहतो, म्हणून नखाने लगेच खरवडून काढा. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर १०८ ला फोन करा, वाट बघू नका.

पक्षी बघायचे असतील तर गड सोडून द्या, एवढंच आमचं म्हणणं. दोन्ही एका सकाळी उरकायला गेलं की धड काहीच होत नाही. हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटांवर पहाटेनंतरचे दोन तास द्या. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, पण आमच्या मते खरी मजा पावसाच्या तोंडावर. तेव्हा तिबोटी खंड्या येतो: चिमणीएवढा, पोट पिवळं, चोच लालभडक. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो बीळ कोरतो आणि पाल, बेडूक, खेकडा चोचीत धरून आधी फांदीवर बसतो. समोर माणसं उभी असतील तर तो बिळात शिरतच नाही, आणि पिल्लं तेवढा वेळ उपाशी राहतात. बिळासमोर कॅमेरा रोवू नका. रेकॉर्ड केलेला आवाज लावून त्याला बोलावणं तर मुळीच नको.

परतीला रविवारी संध्याकाळी पेणकडून येणाऱ्या गाड्या भरून येतात. दुपारी दोन-अडीचपर्यंत महामार्गावर उतरलात तर बसायला जागा मिळण्याची आशा असते. रस्ता ओलांडताना लहान मुलांचा हात सोडू नका, गाड्या सुसाट येतात.