शिकागोतलं तिकीट, सोलापुरातली सकाळ

आज पहाटे साडेपाचला उठलो. धाकटा भाऊ शिकागोत शिकतो, तिथे तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा. शाळेत असताना पार्क मैदानाजवळून जाताना त्याच्या हातात कायम बास्केटबॉल असायचा. शिकागोच्या बुल्स या बास्केटबॉल संघाचा सामना त्यांच्या युनायटेड सेंटर या घरच्या मैदानात बसून बघायचा, हे त्याचं तेव्हापासूनचं स्वप्न. पण शिष्यवृत्तीच्या पैशात ते कसं बसणार?

मग दोघं फोनवर बसून शोधत राहिलो. शनिवारचे आणि मोठ्या संघांविरुद्धचे सामने लगेच बाजूला काढले. एका संघाचे घरच्या मैदानावर हंगामात 41 सामने होतात, मग मंगळवार-बुधवारचा का नको? सगळ्यात वरच्या, 300 क्रमांकाच्या विभागांतल्या जागा बघितल्या. एका साइटवर तिकीट 24 डॉलरचं, पण शुल्क धरून एकूण 37! फार राग आला. विद्यार्थ्याला ते 13 डॉलर म्हणजे दोन दिवसांचं जेवण. मग सगळीकडे शुल्क धरून एकूण रक्कम बघूनच तुलना केली.

शेवटी पुढच्या बुधवारचं, सगळं धरून 29 डॉलरचं मिळालं. "दादा, घेतलं रे!" म्हणून ओरडलाच तो. आई चहा घेऊन आली, तिला वाटलं नोकरीच लागली.

सामना आपल्याकडे गुरुवारी सकाळी साडेसहाला सुरू होईल. तो आत गेला की व्हिडिओ कॉल करणार आहे. आईने आत्ताच गजर लावून ठेवलाय.