बेल्जियन अंबर एल: आधी हुंगा, मग घोट

बेल्जियममधल्या अँटवर्पची दे कोनिंक ही अंबर एल या बिअरच्या प्रकाराची ठळक ओळख. ती मिळते गोलसर, दांडीच्या ‘बोलेके’ ग्लासात. मराठी कानाला ‘बोलके’ वाटावं असं नाव!

बाटली फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर राहू द्या. 8 ते 10 अंशांवर वास खुलतो; बर्फगार बिअरला वासच येत नाही. ग्लासला तेलकटपणा राहिला की फेस लगेच बसतो आणि खापर बिअरवर फुटतं.

रंग तांबूस. नाकाला आधी टोस्ट-बिस्किटासारखा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), मागून नाशपाती किंवा संत्र्याची झाक, अगदी पुसट मिरी. कडवटपणा 20 ते 30 आयबीयू (बिअरचा कडवटपणा मोजायचं एकक), अल्कोहोल 5 टक्क्यांच्या आसपास. गोडवा घोटाच्या सुरुवातीला चालेल, पण गिळल्यावर जीभ चिकट वाटली तर चाखून गुण देताना ते कापाच.

पिकल्या केळ्याचा भपका आला तर बहुधा आंबवताना तापमान चढलेलं असतं. लोण्यासारखा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल, आंबवताना तयार होणारं रसायन: यीस्टला ते परत शोषायला वेळ न देताच बिअर थंड केली. ओल्या पुठ्ठ्याचा वास बिअरला ऑक्सिजन लागल्याचा; लांबून आलेल्या जुन्या बाटलीत तो हमखास भेटतो. त्यामुळे लेबलाआधी तारीख बघा.