एक ते चारचं शटर

नुसत्या आकारांचे, रेघांचे फोटो काढायला पुण्यात निघालं की पहिला शत्रू भेटतो तो म्हणजे पाटी. चौकटीत एक अक्षर जरी शिरलं, तरी डोळा आकार बघायचं सोडून वाचायला लागतो. ‘येथे वाहने लावू नयेत’ आलं की संपलंच. कुलूप, मोबाइल नंबर, फाटकं पोस्टर यांचंही तेच. म्हणून यात निम्मं काम वगळण्याचं. फोटो मोबाइलवर उलटा करून बघावा. तरीही वस्तूचं नाव लगेच ओठांवर आलं, तर कडा अजून छाटायला हव्यात.

साधं दुकानाचं शटर घ्या. सकाळचं ऊन छान म्हणून लोक साडेसातलाच बाहेर पडतात आणि शटर सपाट पत्र्यासारखं येतं. त्याच्या पट्ट्या आडव्या असतात. सकाळचं ऊन क्षितिजाजवळून, बाजूने येतं आणि पट्ट्यांच्या लांबीनेच सरकतं, मग सावली पडणार कुठून? आडव्या रेघेला उजेड वरून लागतो. उभ्या नळ्यांच्या पन्हळी पत्र्याचं याच्या बरोबर उलट, त्याला सकाळ-संध्याकाळच बरी.

आता वरून ऊन येतं ते दुपारी, आणि दुपारी शटर वर गुंडाळलेलं असतं. इतर गावांत इथेच गाडं अडतं. पण पेठांतल्या काही दुकानांनी ‘एक ते चार बंद’ अजून टिकवलं आहे. या वामकुक्षीवर विनोद पुष्कळ झाले. छायाचित्रकाराने मात्र तिचे आभार मानावेत. एप्रिलमध्ये दीडच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड असलेल्या शटरवर ऊन जवळजवळ भिंतीला घासून उतरतं. वर छज्जा नसेल तर प्रत्येक पट्टीखाली काळीभोर रेघ उमटते.

शटरच्या अगदी समोर उभं राहावं. कॅमेरा जरा तिरका झाला तरी रेघा एका बाजूला निमुळत्या होतात. मोबाइलची रुंद लेन्स नको. 2x किंवा 3x लावून चार पावलं मागे जावं आणि ग्रिड चालू ठेवावी. एचडीआर बंद, कारण तो सावल्या उजळतो आणि इथे सावली हाच तर विषय आहे. कॅमेरा असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, f/8 पुरे. चकाकत्या पत्र्यावर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अर्धा स्टॉप कमी करावं. बारीक रेघांचा फोटो लहान केल्यावर त्यात नसलेल्या लाटा दिसू लागल्या, तर जवळ जाऊन कमी पट्ट्या घ्याव्यात. एखादी पट्टी चेपलेली असेल तर ती टाळू नये. शंभर सारख्या रेघा म्हणजे टाइल्सचा कॅटलॉग. चेपलेली एक पट्टी आली की नजर तिथे थांबते. फक्त ती अगदी मधोमध नको.

कसब्यातल्या तांबट आळीत गणित बदलतं. मठारलेल्या तांब्यावरचा प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटा आरसा. दिवा एकच, पण तो शेकडो ठिपक्यांत दिसतो. त्यातच फोटो काढणाऱ्याचा पांढरा शर्टही दिसतो, म्हणून गडद कपडे घालून जरा बाजूला उभं राहावं. पोलरायझर फिल्टर बॅगेतच ठेवावा. काच, पाणी, ओला रस्ता यांच्यावरची चमक तो कापतो, उघड्या धातूवर त्याचं फारसं चालत नाही. दिव्यांच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले तर शटर स्पीड 1/100 किंवा 1/50 करावा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. आणि हो, कारागिराला आधी विचारावं. हातोडा चालू असताना मध्ये कडमडू नये.

मंडईबाहेरच्या निळ्या ताडपत्रीखाली सगळी भाजी निळसर होते. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग आपोआप सुधारणारी सोय, ती निळाई शहाणपणाने पुसून टाकतो. निळाईच हवी असेल तर तो ‘डेलाइट’वर ठेवावा. मग कोबीच्या राशीत कोबी उरत नाही, नुसते फिकट निळे गोळे उरतात. मात्र ‘२० रु. पाव’ची पाटी चौकटीबाहेर राहील, एवढं बघावं.