गाडीची धपधप : बेअरिंग, ब्रेक की टायर?

आवाज साधारण ताशी वीसला सुरू व्हायचा. धप, धप, धप. स्पीड वाढेल तशी लय घट्ट होत जायची आणि साठच्या पुढं नुसती गुरगुर उरायची. त्यामुळं हायवेला आनेवाडीचा टोलनाका ओलांडून पुण्याकडं निघालं की फारसं जाणवायचं नाही. पण परत साताऱ्यात शिरून पोवई नाक्याच्या गर्दीत गाडी हळू झाली की पुन्हा धपधप. पावसाळा सरता सरता हे लागलं आणि दिवाळीपर्यंत शेजारी बसणाऱ्यालाही ऐकू यायला लागलं.

आमची गाडी साधी हॅचबॅक, चौदा इंची रिम, १६५/८० चे टायर. ज्या गॅरेजला पहिल्यांदा दाखवली, तिथं मेस्त्रीनं एक चक्कर मारली आणि गाडी जॅकवरसुद्धा न घेता सांगितलं, “सायेब, पुढची दोन्ही बेअरिंगं गेलीत.” माणूस खोटं बोलत होता असं नाही. चाकातून आवाज आला की दहातले सहा-सात मेस्त्री आधी बेअरिंगच म्हणतात. पण बेअरिंगचा आवाज असा ठोके देत नाही. तो सलग घुमतो, आणि चालत्या गाडीत स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडं दिलं की भार ज्या बाजूला जातो त्या बाजूचं बेअरिंग जास्त ओरडतं. एमआयडीसीतला रस्ता रविवारी मोकळा असतो. तिथं मी असं करून पाहिलं. आवाजात काडीचा फरक नाही. मग बेअरिंगचे पैसे खिशातच ठेवले.

त्याच रस्त्यावर आणखी एक गोष्ट उरकली. चाळीसला गाडी न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज खाली बसला, धपधप तशीच राहिली आणि गाडीचा वेग उतरेल तशी मंदावत गेली. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. (हे सपाट रस्त्यावरच करा. यवतेश्वरच्या नाहीतर खंबाटकीच्या उताराला न्यूट्रल करून प्रयोग करायला जाऊ नका.) ब्रेक दाबल्यावर पायाला ठोके लागत नव्हते, म्हणून वाकड्या डिस्कचा संशयही मागं पडला. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवताना कटकट होत नव्हती, म्हणजे ॲक्सलचा जॉइंटही बरा होता.

खरी मजा आली ती मोजणीत. माझा मेहुणा कोरेगावला असतो, त्याला असल्या कामाचा भारी नाद. तो म्हणाला, “दाजी, तुम्ही चालवा, मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो.” १६५/८० आर १४ टायरचा घेर जवळपास १.९५ मीटर भरतो. ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. म्हणजे चाक सेकंदाला तीनपेक्षा किंचित कमी फेऱ्या घेणार, दहा सेकंदांत अठ्ठावीसच्या आसपास. काटा वीसवर धरून गाडी चालवली आणि घरी रेकॉर्डिंग लावून ठोके मोजत बसलो. आकडा त्याच्या अगदी जवळ आला, थोडा कमीच. स्पीडोमीटरचा काटा नेहमी जरा जास्तच दाखवतो, त्यामुळं ते बरोबरच. एका फेरीला एकच धप. म्हणजे चाकावर कुठंतरी एकाच जागी काहीतरी होतं. टायरची नक्षी आरीसारखी झिजली असती, तर एका फेरीत पुष्कळ ठोके पडले असते आणि आवाज घुमल्यासारखा आला असता.

चाक ठरलं, पण कुठलं? गाडीच्या आत कान फसवतात, कारण पत्र्यातून आवाज कुठूनही कुठं जातो. मेहुणा मागच्या सीटवर आडवा झाला, मी चालवली. मग उलटं केलं. त्याचं मत डावं मागचं, माझं मत डावं पुढचं. शेवटी पोवई नाक्याखालून जाणारा भुयारी रस्ता, म्हणजे ग्रेड सेपरेटर, कामाला आला. सकाळी लवकर, वाहतूक नसताना, काचा खाली करून भिंतीच्या कडेनं हळू गेलो. आवाज भिंतीवर आपटून सरळ खिडकीत येतो. डावी बाजू पक्की झाली आणि मेहुण्याचं पारडं थोडं जड झालं.

मधल्या काळात एका दुकानात अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगही करून झालं. मशीननं चारही चाकांना शून्य दाखवलं, आवाज होता तिथंच. बॅलन्सिंगचं मशीन फक्त वजन बघतं. चाक सगळीकडं सारखं जड असलं म्हणजे ते गोल असतंच असं नाही, आणि साध्या मशीनला गोलाई कळत नाही. हे तिथल्या पोरानं सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मग घरासमोरच जॅक लावून डावं मागचं चाक पुढं घातलं आणि पुढचं मागं. नट घट्ट असल्यानं घाम निघाला, पण दुसऱ्या सकाळी कॉलनीच्या तोंडापर्यंत जाईस्तोवर निकाल लागला. आवाज पुढं आला होता, आणि आता वीस-पंचवीसला स्टिअरिंगही डावं-उजवं हलत होतं. मेहुण्याला फोन केला. तो फक्त हसला.

त्याच अवस्थेत, तीसच्या वर न जाता, गाडी ओळखीच्या टायरवाल्या मामांकडं नेली. मामांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. चाक उचललं, शेजारी एक वीट उभी केली आणि तिच्यावर स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवला, टोक नक्षीपासून जेमतेम काडीभर लांब. मग चाक हातानं सावकाश फिरवलं. फट, फट, फट, आणि एका जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक रबराला घासून सरकलं. “हात लावा इथं.” चार बोटं मावतील एवढा उंचवटा होता. नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नसतं, पण नीट पाहिलं तर नक्षीची सरळ चालणारी खाच तेवढ्या जागी किंचित वाकडी झाली होती.

“आतला तारंचा पट्टा सुटलाय,” मामा म्हणाले. “बाजूला फुगा आला की सगळ्यांना दिसतो. हा वरचा फुगा कुणाला दिसत नाही.”

टायर रिमवरून काढला, तेव्हा आत जुन्या पंक्चरची स्ट्रिप (बाहेरून भोकात खुपसलेली रबरी पट्टी) दिसली आणि तिच्याभोवती तांबूस डाग. मामांचा अंदाज असा की भोकातून पाणी शिरत राहिलं, तारा गंजल्या आणि रबर त्यांच्यापासून सुटलं. उंचवटा त्या डागाच्या वरच होता, म्हणून मलाही ते पटतं. स्ट्रिप घातलेला प्रत्येक टायर असा होतो असं नाही. पण टायर काढून आतून मशरूम पॅच लावला तर भोकही बुजतं आणि आतली बाजूही बंद होते. पैसे जास्त, वेळ जास्त, म्हणून रस्त्यावर कोणी लावत नाही.

नक्षी अजून भरपूर होती, टायर झिजल्याचं दाखवणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपासून बरीच वर. म्हणजे नुसती नक्षी बघून हा टायर कुणीही पास केला असता. कडेच्या कोडमधले शेवटचे चार आकडे बघितले; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वय झालेलं होतं. वॉरंटी क्लेमची चौकशी केली, पण वय आणि स्ट्रिप बघून दुकानातूनच नकार आला.

नवे दोन घेतले. ते पुढं घालायचे की मागं यावर दुकानात चांगलीच चर्चा झाली. बहुतेकांना वाटतं, पुढच्या चाकांना इंजिनची ओढ, म्हणून नवे पुढं. मामांनी मागं घातले. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि आपल्यासारख्याला ती सावरता येत नाही, हे त्यांचं कारण. टायर कंपन्याही हेच सांगतात. आता वीसला शांतता आहे. ऐंशीच्या पुढं थोडी घूं घूं येते, ती पुढच्या जुन्या टायरांची. त्यांची नक्षी आरीसारखी झिजलीय, वरून हात एका दिशेनं फिरवला की गुळगुळीत, उलटा फिरवला की बोचतं. त्याला घाई नाही.

जुना टायर मामा कोपऱ्यातल्या ढिगावर टाकायला निघाले होते. त्या ढिगातले बरे दिसणारे टायर सेकंडहँड म्हणून जातात, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक. मी म्हटलं, “मामा, हा कापूनच टाका.” त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, कटर घेतला आणि दोन्ही बाजूंनी टायरची भिंत चिरून दिली.