कॅट्रनची जमीन बघायला जाताय? आधी रस्ता बघा

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातला जमीनदार-वकील थॉमस बेंटन कॅट्रन याच्यासाठी राजधानी सांता फेमध्ये गाइड करू नका. माणशी 40 डॉलर मोजून आम्हाला मिळालं काय, तर प्लाझाच्या कडेला 1891च्या कॅट्रन ब्लॉकसमोर पाच मिनिटं उभं राहणं आणि बाकी सगळं बिली द किड या बंदूकबाजाचं पुराण. ती इमारत रस्त्यावरून फुकट दिसते. खाली दुकानं आहेत.

माणूस कळायला उत्तरेला तिएरा अमारिया हे गाव गाठा. 1866मध्ये मिझुरीहून आलेला हा वकील मेक्सिकोच्या अमलात इनाम दिलेल्या जमिनींचे दावे लढवायचा. अशिलाकडे रोकड नसेल तर फी जमिनीत घ्यायचा. इथे तर त्याने 1832च्या इनामाच्या वारसांकडून एकेक हिस्सा विकत घेतला. इनाम केवढं, तर सुमारे 6 लाख एकर! डोंगर-कुरणं गावाचं गायरान, असं तिथली माणसं धरून चालली होती. अमेरिकन काँग्रेसने मात्र 1860मध्येच ते खासगी इनाम म्हणून मंजूर केलं होतं. म्हणजे वारसांना ते विकता येत होतं, आणि कॅट्रनला तेवढं पुरलं. पुढे 1912मध्ये हाच गृहस्थ न्यू मेक्सिकोच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक! ही जमीन परत मागणाऱ्यांनी 5 जून 1967ला गावातल्या ज्या कोर्टावर सशस्त्र धाड घातली, ते अजून उभं आहे. माझ्या मते पाहण्यासारखं तेच.

आता रस्ता. जाताना काही त्रास नाही, अबिक्यूचे लाल कडे वगैरे फोटोत असतात तसेच आहेत. तिएरा अमारियाहून पूर्वेला ट्रेस पिएद्रास गावाला जाणारा यूएस 64 महामार्ग मात्र 10,000 फुटांवरून जातो आणि बर्फामुळे हिवाळ्यात बंद असतो. हिवाळा म्हणजे एप्रिलसुद्धा, हे ध्यानात ठेवा. फोनवरचा नकाशा तासाभराची वाट म्हणून तोच दाखवत होता. प्रत्यक्षात फाटक लावलेलं, माणूस नाही, सिग्नल नाही. उलट दक्षिणेला एस्पान्योला गावापर्यंत येऊन ओहो कालिएंतेवरून वर चढायचं, म्हणजे अंतर दुपटीच्या वर! पोरं मागे रडतायत आणि पेट्रोलचा काटा खाली. निघण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक खात्याची रस्त्यांची माहिती बघाच, आणि टाकी एस्पान्योलातच भरा.

नुसत्या नावासाठी कॅट्रन काउंटीला मुळीच जाऊ नका. ती राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तेवढ्या वेळात सांता फेची फेअरव्ह्यू दफनभूमी होते. 1921मध्ये तो वारला, तिथेच पुरलाय. तिकीट नाही, गाइड नाही.