शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर होतं

पुण्यात मी वकिली करते, पण कोर्टात कमी आणि कागदांत जास्त. घर घेणारे लोक मिळकतीचं टायटल, म्हणजे मालकी कोणाची आणि ती निर्वेध आहे का, हे तपासून घ्यायला येतात. सर्च रिपोर्ट, करारनामा, नोंदणी हे माझं रोजचं काम. गेल्या पावसाळ्यातलं एक प्रकरण सांगते, कारण असा घोळ कुठल्याही चांगल्या घरात होऊ शकतो.

नवरा-बायको दोघंही नोकरदार. कोथरूडमधला जुना दोन बेडरूमचा फ्लॅट त्यांना पसंत पडलेला. टोकन देऊन झालं होतं, बँकेचं सँक्शन लेटर हातात होतं, एजंट सोबत होता. बाईंनी वहीत प्रश्न लिहून आणले होते आणि सगळे रास्त होते. मुद्रांक शुल्क किती? पुणे महापालिकेच्या हद्दीत ७ टक्के, नोंदणी फी १ टक्का, पण ती ३० हजारांच्या वर जात नाही. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. सोसायटी ट्रान्सफरचे किती मागेल? महापालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार. त्यावर ‘देणगी’ मागितली तर द्यायला तुम्ही बांधील नाही. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायची महापालिकेची परवानगी, होतं. जमिनीचं कन्व्हेयन्सही, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झालेलं होतं, जे जुन्या सोसायट्यांत सहज सापडत नाही.

वहीतला शेवटचा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. “बँकेने कर्ज मंजूर केलंय, म्हणजे कागद बरोबरच असणार ना?”

मी म्हटलं, ही मंजुरी तुमच्या पगारावर आहे, फ्लॅटवर नाही. बँकेचा वकील कागद नंतर बघतो, आणि तोही बँकेच्या पैशाची काळजी करतो. तुमच्या खिशातून जाणाऱ्या रकमेची काळजी तुम्हीच करायची.

मग मी शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सदस्यत्वाचा दाखला, उलटं केलं. लोक पुढची बाजू बघतात, खरी माहिती मागच्या बाजूला असते. १९९४ सालचा मूळ करारनामा विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावाचा. मागे २०२१ ची नोंद, मुलाच्या नावे हस्तांतरण. सोसायटीच्या ठरावाची प्रत काढायला लावली, त्यात कारण होतं: नामनिर्देशनानुसार, म्हणजे वडिलांनी नॉमिनी म्हणून मुलाचं नाव दिलं होतं म्हणून.

“वडिलांच्या मागे कोण कोण आहे?”

एजंट म्हणाला, “हा एकच मुलगा, मॅडम. एक बहीण आहे, पण तिचं लग्न होऊन वीस वर्षं झाली.”

बाई म्हणाल्या, “आणि आजी आहेत ना, विकणाऱ्याची आई. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा चहा त्यांनीच केला. पाणी किती वाजता येतं, कुठल्या भिंतीला ओल धरते, सगळं त्यांनीच सांगितलं.”

टेबलावरच्या एकाही कागदावर आजींचं नाव नव्हतं.

वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मग हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि त्यानुसार पत्नी, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा, म्हणजे इथे प्रत्येकी एक तृतीयांश. मुलींना हक्क २००५ साली मिळाला असं बरेच लोक धरून चालतात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरती होती. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासून आहे, आणि लग्नाने तो संपत नाही. नॉमिनीचं काय? सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा एवढ्यापुरतं ते नाव. सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सदस्य करून घ्यायचं. मालकी सोसायटी देत नाही, देऊ शकत नाही.

म्हणजे हे दोघं पूर्ण किंमत मोजणार होते आणि त्यांना मिळणार होता फक्त मुलाचा एक तृतीयांश हिस्सा. बाकीचं पुढे कोर्टात.

एजंटने दोन उपाय सुचवले. पेपरात जाहीर नोटीस देऊ, आणि मुलाकडून इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसान झालं तर भरपाईची हमी, लिहून घेऊ. दोन्ही नेहमीचे, आणि इथे दोन्ही निरुपयोगी. वारस कोण हे आपल्याला माहीत झालंय. आता नोटिशीला हरकत आली नाही म्हणून त्यांचा हक्क बुडत नाही. बाँड असला तर उद्या मुलावर पैशासाठी दावा लावता येईल, पण घराचं टायटल त्याने दुरुस्त होत नाही.

दुपारी विकणारा मुलगा आला, चिडूनच. “सोसायटीने फ्लॅट माझ्या नावावर केलाय, आता कोणाला विचारायचं?” तो लबाड नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. सेक्रेटरींनी त्याला ‘आता फ्लॅट तुझा’ असं सांगितलं होतं आणि त्याने ते मनापासून खरं मानलं होतं. कलम वाचून दाखवल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने तिथूनच सांगलीला बहिणीला फोन लावला. घर विकायला काढलंय हे तिला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. त्याला एवढंच म्हटलं, हे फोनवर मिटवू नका, सगळे समोर बसा.

पुढच्या आठवड्यात तिघं एकत्र आले. मुलाने वाकडला मोठा फ्लॅट बुक केला होता, आईला तिथे नेणार होता, आणि हे सगळे पैसे त्यात धरले होते. आता ते गणित बसेना. बहिणीला वाटा हवा होता आणि तिने तो सरळ मागितला. मला ते आवडलं. हक्क मागताना बायका उगाच ओशाळतात. आजी सगळं ऐकत होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, “माझे पैसे माझ्याच खात्यात येतील ना?” मुलाकडे राहायला त्यांची ना नव्हती. पण पैसे स्वतःच्या खात्यात हवेत, यावर त्या शेवटपर्यंत ठाम राहिल्या. मुलाने वाकडचं बुकिंग सोडून लहान फ्लॅट घेतला.

करारनामा नव्याने केला, लिहून देणारे, म्हणजे विकणारे, तीन. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारकडे भरायचा आयकर, आलाच. इथेही लोक फसतात: प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांच्या आत असला तरी मर्यादा एकूण किमतीवर मोजतात, आणि भरणा प्रत्येक विकणाऱ्याच्या पॅनवर वेगळा करावा लागतो. बँकेला तीन डिमांड ड्राफ्ट काढायला सांगितले. नोंदणीच्या दिवशी हवेली तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आजींच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटेना. झिजलेल्या बोटांचं तसं होतं. ऑपरेटरने न कंटाळता तो पुन्हा पुन्हा घेतला.

सूची दोनची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत हातात आल्यावर बाईंनी वही पुन्हा उघडली. “मॅडम, आता आमच्या फ्लॅटला नॉमिनी कोण लावायचा?”

एकमेकांना लावा, म्हटलं, आणि त्याच आठवड्यात दोघंही मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.